कोळ्याच्या भीतीवर ‘तीन तासांत इलाज’: काय मिळतं, कुठे फसतं

कोळ्याची भीती घालवून देणाऱ्या सेवांची जाहिरात बहुतेक वेळा एकाच वाक्यावर उभी असते: एक बैठक, तीन तास, भीती गायब. ऐकायला हे जादूटोण्यासारखं वाटतं, म्हणून शहाणी माणसं चार हात लांब राहतात. गंमत म्हणजे यातलं ‘एक बैठक’ आणि ‘तीन तास’ हे दोन्ही खरं आहे. घोळ आहे तो ‘गायब’ या शब्दात. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी, ताजी आठवण बसवली जाते, आणि पुढच्या वेळी कोळी दिसला की दोघींपैकी कोण आधी धावत येते यावर सगळं ठरतं. म्हणून बैठक संपताना माणूस किती शांत दिसत होता, याला आम्ही फारसे गुण देत नाही. त्याचे अंदाज किती वेळा आणि किती ठळकपणे चुकले, याला देतो.

या परीक्षणात तीन प्रकार घेतले आहेत: जिवंत कोळ्यांसह होणारी एक मोठी बैठक, डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी कोळ्यासमोर घ्यायचा उपचार आणि फोनवरचं ॲप. तिघांना जागा सारखी दिलेली नाही, कारण तिघांची लायकी सारखी नाही.

एका बैठकीची पद्धत स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये मांडली. वेगवेगळ्या फोबियांच्या २० रुग्णांना सरासरी २.१ तास लागले, आणि सरासरी चार वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यांच्यापैकी ९० टक्के पूर्ण बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले होते. पण पैसे मोजण्याआधी लक्षात ठेवायचा आकडा १९९१ चा आहे. कोळ्याला घाबरणाऱ्या काही जणांना थेरपिस्टबरोबर एक बैठक दिली आणि काहींना छापील सूचना देऊन ‘तुमचं तुम्ही करा’ म्हणून सांगितलं. पहिल्या गटात ७१ टक्के लोकांमध्ये ठोस सुधारणा झाली, दुसऱ्यात ६ टक्के. पायऱ्या कागदावर होत्याच, पण समोर बसून त्या चढवून घेणारं कुणी नव्हतं. म्हणजे तुम्ही फी देता ती कोळ्याची नाही, समोरच्या माणसाच्या हातोटीची. घरी स्वतःच कोळी पकडून बरं होण्याचा बेत कितीही धाडसी वाटला, तरी बहुतेकांचा तो पहिल्याच पायरीवर मोडतो.

आधीची मुलाखत

चांगली सेवा बैठकीच्या काही दिवस आधी तासाभराची वेगळी मुलाखत घेते. ही टाळणाऱ्याकडे जाऊच नये. ‘मला कोळ्यांची भीती वाटते’ एवढ्यावर काम सुरू करता येत नाही. नेमकं काय होईल असं वाटतं, ते बाहेर काढावं लागतं. कुणाला वाटतं, टबात हात घातला की कोळी सरळ बाहीत शिरेल. कुणाची खात्री असते की खोलीत दहा माणसं असली तरी तो आपल्याकडेच धावेल. काहींची भीती कोळ्याबद्दल नसतेच, स्वतःबद्दल असते: मी किंचाळायला लागेन आणि थांबताच येणार नाही, हृदय बंद पडेल, वेड लागेल. या प्रत्येकासाठी वेगळा प्रयोग लागतो. बाहीत शिरण्याची धास्ती असलेल्याला कोळ्याचा फोटो तासभर दाखवून काहीही साधत नाही.

मुलाखतीत प्रत्येक अंदाजापुढे खात्रीचा आकडा लिहून घेतला पाहिजे, ० ते १०० मध्ये. हा आकडा म्हणजेच पुढच्या तीन तासांचं कच्चं सामान. त्याशिवाय १८ प्रश्नांची कोळीभीतीची प्रश्नावली आणि एक प्रत्यक्ष चाचणी असते: बंद डब्यातल्या कोळ्याच्या किती जवळ जाता येतं, दाराबाहेरच थांबता, झाकणाला हात लावता की कोळी हातावर घेता. आधी मोजलंच नसेल तर नंतर ‘बरं वाटतंय ना?’ याच प्रश्नावर समाधान मानावं लागतं, आणि तीन तास कुणीतरी धीर देत बसल्यावर ‘हो’ कोण म्हणणार नाही?

टेबलावर काय मांडलंय

सामानावरूनच अर्धी परीक्षा होते. किमान तीन-चार जिवंत कोळी हवेत, नखाएवढ्यापासून पाय धरून तीन-चार सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक आपापल्या पारदर्शक डबीत. उंच काठाचा, फिक्या रंगाचा रुंद प्लॅस्टिकचा टब हवा. गडद टबात छोटा कोळी दिसेनासा होतो आणि ‘कुठे गेला?’ या प्रश्नाने पाचावर धारण बसते. सरळ काठांचा पारदर्शक ग्लास हवा, ज्याचं तोंड कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्यापेक्षा ऐसपैस असेल. आणि पोस्टकार्डाच्या जाडीचा कडक कागद. साधा कागद वाकतो आणि फट पडते. पुठ्ठा जाड असला तर तो पायांना ढकलतो, पाय ग्लासच्या कडेखाली अडकतात.

कोळी तरतरीत असले पाहिजेत, आणि इथे लबाडी चालते. थंड केलेला किंवा दिवसभर चार-पाच जणांच्या हातांवरून फिरून दमलेला कोळी मुकाट बसून राहतो. बैठक झकास पार पडते, सगळे खूश. पण त्या माणसाने जे शिकलं ते एवढंच, की मरगळलेला कोळी निरुपद्रवी असतो. आठवड्याने न्हाणीघरात एक सुसाट धावणारा भेटतो आणि सगळं मुसळ केरात. कोळ्याचा वेग हाच बहुतेकांच्या भीतीचा गाभा असतो, तो वगळून उपचार होत नाही.

ग्लास, कार्ड, बोट

पहिलं काम पकडण्याचं. थेरपिस्ट आधी काय करणार ते सांगतो, मग करून दाखवतो, मग परवानगी विचारतो, आणि नंतरच तुमच्याकडून करवून घेतो. हा क्रम एकदाही मोडता कामा नये. न सांगता कोळी पुढे सरकवणारा, ‘बघा, काही झालं का?’ म्हणत अंगावर टाकणारा माणूस उपचार करत नाही, खोडी काढतो. तिथून उठून यावं.

ग्लास वरून अलगद कोळ्यावर पालथा घालायचा. एका बाजूने कार्ड हळू सरकवायचं, इतकं हळू की कोळी स्वतःच पाय उचलून कार्डावर येईल. मग कार्डाखाली तळवा धरून दोन्ही उचलायचं. ग्लास डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहायचं: पाय कुठे आहेत, पोट कुठल्या बाजूला, तो काचेवर चढू पाहतोय की कोपऱ्यात दबून बसलाय. मग पुन्हा टबात सोडायचं. हे तीन-चार वेळा, कुणाच्या मदतीशिवाय जमेपर्यंत. इथली नेहमीची चूक म्हणजे ग्लास धाडकन आदळणं. कारण साधं आहे: शेवटच्या क्षणी नजर वळलेली असते. पाय चिरडतो, मग भीतीत अपराधीपणाची भर पडते. उपाय ‘हळू करा’ असं ओरडणं हा नाही. माणसाला आधी मोठ्याने सांगायला लावायचं की कोळी आत्ता कुठे आहे आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे. नजर आपोआप जागेवर राहते.

दुसरं काम स्पर्शाचं, आणि आमच्या मते सगळ्या बैठकीचा जीव इथे आहे. थेरपिस्ट टबाशी बसून विचारतो, ‘मी मागून बोट लावलं तर हा कुठे जाईल?’ बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: बोटावर, हातावर, थेट तोंडाकडे. खात्री किती? नव्वद. बोट लागतं. कोळी उलट दिशेला, बोटापासून दूर पळतो. एकदा झालं की माणूस म्हणतो, नशीब. म्हणून ते दहा वेळा करायचं, आणि दर वेळी आधी अंदाज, मग स्पर्श, मग काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने. चौथ्या-पाचव्या वेळेला ‘नव्वद’चे ‘चाळीस’ झालेले असतात आणि कपाळावर आठी दिसते. ती आठी महत्त्वाची. डोक्यातला हिशेब जुळेनासा झाल्याची ती खूण आहे.

याच वेळी आणखी एक गोष्ट डोळ्यांनी कळते: कोळी लांब धावू शकत नाही. त्याच्या पायांतले मोठे सांधे आत शरीरद्रवाचा दाब वाढला की सरळ होतात, आणि सलग धावपळ त्याला झेपत नाही. थोडं धावतो, थांबतो, पुन्हा थोडं. टबात चार फेऱ्या मारल्या की दम टाकतो. ‘तो मागे लागेल’ हा अंदाज इथेच लंगडा पडतो. पण थेरपिस्टने हे आधी सांगून टाकलं तर प्रयोगातली हवा निघून जाते, कारण मग अंदाज चुकायला काही उरतच नाही. माहिती नंतर, अनुभव आधी.

तिसरं काम हाताचं. कोळी थेरपिस्टच्या तळव्यावर चालतो. तुम्ही फक्त एक बोट त्याच्या हातावर टेकवता, कोळी त्या बोटावरून पलीकडे जातो. मग दोन बोटं, मग तुमचा पूर्ण तळवा, मग थेरपिस्ट आपला हात काढून घेतो आणि कोळी तुमच्या एका हातावरून दुसऱ्यावर चालत राहतो, पुढे रिकामा हात धरत जायचं. त्यानंतर मनगट, कोपर, बाही. केसांत जाण्याची धास्ती असेल तर केसही. मग मोठा कोळी घेऊन पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या कोळ्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो, पुढचे भराभर होतात. शेवटी दोन कोळी एकाच वेळी हातांवर. हा अतिरेक वाटेल, आणि तो मुद्दामच आहे: रोजच्या जगण्यात जेवढं लागतं त्याच्या बरंच पुढे नेऊन सोडलं, तर नंतर थोडं घसरलं तरी माणूस कामापुरत्या पातळीच्या वरच राहतो.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते घड्याळापायी. पन्नास मिनिटांच्या ठरावीक वेळेत ही पद्धत कोंबली की ऐन चढावर ‘आजच्यापुरतं इथे थांबू’ होतं. माणूस घरी जातो तो ‘मी पळालो म्हणून वाचलो’ ही शिकवण घेऊन. सरासरी दोन तास लागत असले तरी तीन तास मोकळे ठेवलेले असावेत, आणि शेवट घड्याळाने नाही, ठरवलेल्या कामाने व्हावा.

दुसरी जागा म्हणजे सेफ्टी बिहेवियर, बचावाच्या छुप्या सवयी. पाय खुर्चीवर वर घेणं. बाह्या ओढून मनगट झाकणं. बोटाऐवजी पेनाचं टोक पुढे करणं. कोळी चालताना मनात आकडे मोजणं, थेरपिस्टचा दंड घट्ट धरणं, नजर कोळ्यावर ठेवून लक्ष भलतीकडे नेणं. हे सगळं बाहेरून सहकार्यासारखं दिसतं. आतून माणूस म्हणत असतो, ‘बाही खाली होती म्हणून तो आत शिरला नाही.’ सुरुवातीला हातमोजा किंवा ब्रश दिला तर आकाश कोसळत नाही. कधी कधी त्यानेच गाडी हलते. पण ते कधी काढायचं हे त्याच वेळी ठरलं पाहिजे आणि त्याच बैठकीत निघालं पाहिजे. मुरलेला थेरपिस्ट कोळ्याकडे कमी आणि समोरच्याच्या खांद्यांकडे, पायांकडे, श्वासाकडे जास्त बघतो.

श्वासावरून आठवलं. ‘दीर्घ श्वास घ्या, स्वतःला सैल सोडा’ हा प्रकार अजून पुष्कळ ठिकाणी उपचाराचा मुख्य भाग म्हणून विकला जातो. त्याचं मूळ जोसेफ वोल्पे यांच्या १९५८ च्या पद्धतीत आहे, जिथे भीतीच्या जोडीला शिथिलीकरण दिलं जाई. पुढे दिसत गेलं की शिथिलीकरण काढून टाकलं तरी समोरासमोर येण्याचा गुण येतोच. शिवाय ‘श्वास सावरला म्हणून निभावलं’ ही नवीच कुबडी तयार होते. बैठकीत धडधड वाढू द्यायची असते. कोळ्याच्या भीतीने सहसा कुणी चक्कर येऊन पडत नाही. तो धोका रक्त आणि सुईच्या भीतीत असतो, तिथली पद्धत वेगळी.

तिसरी गोष्ट किळस. बऱ्याच जणांमध्ये भीती उतरते आणि किळस तशीच राहते, कारण ‘तो चावेल’ हा अंदाज चुकवता येतो, ‘शी!’ हा अंदाज नसतोच. किळस उतरायला जास्त वेळ आणि जास्त स्पर्श लागतो. हात लगेच न धुणं, ज्या टेबलावरून कोळी फिरला त्या टेबलावर हात टेकून बसणं, असे छोटे प्रयोग लागतात. ते करणारे थोडे. ज्या सेवेत मुलाखतीत किळस वेगळी विचारली जाते तिला आम्ही एक गुण जास्त देऊ. एक अपवाद मात्र पाळावा: अमेरिका खंडांतल्या बऱ्याच टॅरांटुलांच्या, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांच्या, पोटावर झडणारे, खाज आणणारे केस असतात. तो कोळी हाताळला असेल तर हात धुवायचे आणि डोळ्यांना लावायचे नाहीत. टॅरांटुला उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं, म्हणून हात कायम टबाच्या तळालगत. हे दोन नियम न सांगता टॅरांटुला हातावर देणारी सेवा निष्काळजी आहे, मग बाकी कितीही गोड बोलो.

जुन्या पद्धतीत काय बदललं पाहिजे

गेल्या दोन-तीन दशकांतलं संशोधन पाहता, चांगली बैठक आणखी चांगली करण्याच्या तीन-चार युक्त्या ठरल्यासारख्या आहेत, आणि त्यांना खर्चही फारसा नाही.

एक, कोळी बदलता ठेवणं. १९९८ च्या एका प्रयोगात काहींना एकच टॅरांटुला पुन्हा पुन्हा दाखवला, काहींना वेगवेगळे. वेगवेगळे पाहणाऱ्यांना ते जड गेलं, पण काही आठवड्यांनी भीती उलटली ती एकच पाहणाऱ्यांमध्ये. बैठक सोपी वाटणं आणि ती टिकणं यांचं असं वाकडं नातं आहे, आणि ग्राहकाला खूश ठेवू पाहणाऱ्या सेवेची इथेच पंचाईत होते.

दोन, जागा बदलणं. १९९९ मध्ये दिसलं की जिथे उपचार झाला त्याच खोलीत काही काळाने चाचणी घेतली तर भीती कमी परतते, दुसऱ्या खोलीत जास्त. उपाय उघड आहे: शेवटचा अर्धा तास दुसऱ्या खोलीत, अडगळीत, मंद उजेडात करावा. थेरपिस्टने दाराबाहेर जाऊन तुम्हाला एकट्याने ग्लास-कार्डाचं काम करायला लावावं, कारण थेरपिस्ट हीसुद्धा एक जागाच आहे. त्याच्याविना न तपासलेलं धैर्य त्याच्याबरोबरच मागे राहतं.

तीन, भावनेला नाव देणं. २०१२ मध्ये ८८ जणांवर झालेल्या अभ्यासात कोळ्यासमोर उभं राहून ‘मला धास्ती वाटतेय की हा ओंगळ कोळी माझ्यावर झेप घेईल’ अशी रोखठोक वाक्यं बोलणाऱ्यांचा शारीरिक ताण आठवड्यानंतर बाकीच्यांपेक्षा कमी भरला. ‘हा तर बिचारा छोटा जीव’ अशी समजूत घालणाऱ्यांनाही एवढा फायदा झाला नाही. तोंडाने कबूल करण्यात काय जादू आहे यावर तज्ज्ञ वाद घालोत; करून पाहायला कवडी लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे सगळं एका सूत्रात ओवलं: भीती अर्ध्यावर येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा अंदाज आणि वास्तव यांच्यातली तफावत जास्तीत जास्त करा. आजही पुष्कळ ठिकाणी दर पाच मिनिटांनी ‘भीती शंभरात किती?’ एवढंच विचारलं जातं. विचारायला हरकत नाही, पण सोबत ‘काय होईल वाटलं होतं, आणि काय झालं?’ हा प्रश्न नसेल तर बैठक जुन्या वळणाची समजावी.

हेडसेट

आभासी कोळ्यावरचा उपचार दिसतो तितका नवा नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पहिल्या रुग्णाचा अहवाल १९९७ चा आहे; तिथे आभासी कोळ्याला हात लावताना हाताखाली खराखुरा केसाळ खेळण्यातला कोळी ठेवत, आणि स्पर्शाची ही जोड उपयोगी ठरते हे २००३ मध्येही दिसलं. २००२ च्या चाचणीत सरासरी चार तासाभराच्या बैठकांनंतर ८३ टक्के लोकांमध्ये ठोस सुधारणा होती, नुसती वाट पाहणाऱ्या गटात कुणातच नाही. २०१९ मध्ये स्वीडनमध्ये १०० जणांवर थेट सामना झाला: एका बाजूला आपोआप चालणारा, खेळासारखा हेडसेटचा उपचार, दुसऱ्या बाजूला जिवंत कोळ्याची बैठक. सुरुवातीला जिवंत कोळ्याचं पारडं जड होतं. वर्षभराने दोन्ही जवळपास एका रेषेत आले. यंत्राच्या मानाने ही शाबासकीच.

घेताना चित्राचा झगमगाट पाहू नका, पाय पाहा. स्वस्तातल्या प्रणालींत कोळी जमिनीवरून घसरत जातो, पाय वेगळ्या चालीने हलतात आणि धड वेगळ्या. मेंदू हे पटकन पकडतो आणि ‘चित्र आहे’ म्हणून मोकळा होतो. खऱ्या कोळ्याची धाव-थांब-धाव ही लय जमली पाहिजे, आणि पायऱ्या संपत जाताना कोळी साध्या, काहीशा बाहुलीसारख्या रूपाकडून खऱ्याकडे गेले पाहिजेत. हेडसेटवर दोन भिंगांमधलं अंतर डोळ्यांनुसार बसवून दिलं का ते पाहा. नसेल तर वीस मिनिटांत मळमळते आणि ती मळमळ भीतीच्या खात्यावर जमा होते. आणि हेडसेट काढल्यावर एकदा तरी जिवंत कोळ्याशी गाठ घालून दिली जाते का? नसेल तर काम अर्धवट आहे.

ॲप

ॲपमध्ये फोनचा कॅमेरा समोरचं टेबल दाखवतो आणि त्यावर कोळी काढतो. बासेल विद्यापीठातल्या गटाने बनवलेल्या फोबिस या ॲपची २०२१ ची चाचणी ६६ जणांवर झाली: घरच्या घरी अर्ध्या-अर्ध्या तासाची सहा सत्रं. त्यानंतर ॲप वापरणारे खऱ्या कोळ्याच्या अधिक जवळ जाऊ शकले. म्हणजे हे खेळणं नव्हे. पण मर्यादा लगेच जाणवतात. गुळगुळीत पांढऱ्या टेबलावर कॅमेऱ्याला पृष्ठभाग सापडत नाही आणि कोळी हवेत तरंगतो, किंवा अचानक ताटाएवढा होतो. खडबडीत, नक्षीचं कापड आणि भरपूर उजेड ठेवला तर बराच सुधारतो. मोठी अडचण तांत्रिक नाही. फोन हातात असतो, म्हणजे ढालही हातात असते. जरा नको झालं की फोन वळवला, संपलं. आणि तो वळवलेला कुणी पाहत नाही. आम्ही ॲपकडे बैठकीआधीची उजळणी म्हणून पाहतो. ज्यांना ‘कोळी’ हा शब्द वाचूनही कसंतरी होतं, मुलाखतीपर्यंतच पोहोचवत नाही, त्यांच्यासाठी ती फार मोलाची पायरी आहे.

गोळी, गट आणि बाकीचं

बैठकीआधी चिंता कमी करणारी गोळी घेऊन जाऊ नका. विमानप्रवासाच्या भीतीवर १९९७ मध्ये झालेल्या अभ्यासात अल्प्राझोलाम घेतलेल्यांचा पहिला प्रवास सुखाचा गेला आणि आठवड्याने गोळीविना केलेला दुसरा जास्त कठीण. गोळीने उधार घेतलेली शांतता फेडावी लागते. कुणी रोजचं औषध घेत असेल तर ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाब आणि धडधड कमी करणाऱ्या औषधाची कहाणी निराळी. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये टॅरांटुलाशी दोनच मिनिटांचा सामना घडवून ४० मिलीग्रॅमची एकच गोळी दिली आणि वर्तनात झपाट्याने फरक पडला. त्यानंतरचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळे यावर उभारलेली महागडी सेवा सध्या आम्ही कुणाला सुचवणार नाही. दमेकऱ्याला ही गोळी धोक्याची ठरू शकते, हे तर वेगळंच.

गटातली बैठक स्वस्त पडते आणि चालतेही. तीन-चार जणांचा गट सात-आठ जणांच्या गटापेक्षा बरा. मोठ्या गटात मागच्या खुर्चीत लपायला जागा मिळते.

फी भरण्याआधी

फोनवर पाच मिनिटांत पुष्कळ कळतं. जिवंत कोळी किती आणि किती प्रकारचे? तीन तास राखून ठेवता का? मुलाखत वेगळी होते का? शेवटी मी एकट्याने काही करणार आहे का? ‘तुम्हाला किती जमतं ते बघू’ हे उत्तर ऐकायला समंजस वाटतं, पण त्यामागे आखणी नसण्याचीच शक्यता जास्त. ‘तुमच्या परवानगीशिवाय काही होणार नाही, पण माझी योजना दोन कोळी हातावर घेण्यापर्यंतची आहे’ असं म्हणणारा माणूस शोधा. हृदयविकार किंवा तीव्र दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं भाग आहे, आणि ते सेवेनेच विचारायला हवं. विषारी कोळी आढळणाऱ्या भागात राहणाऱ्याला उघड्या हाताचे प्रयोग फक्त ओळखीच्या, बैठकीतल्या कोळ्यांवर शिकवले जातात; घरातल्या अनोळखी कोळ्यासाठी ग्लास आणि कार्डच. हा फरक न समजावणारा थेरपिस्ट भीती घालवता घालवता अक्कलही घालवतो.

बैठकीनंतरचे चार आठवडे मात्र तुमचेच. आठवड्यातून तीन-चारदा कोळी असण्याची शक्यता असलेल्या जागी मुद्दाम जायचं: माळा, जिन्याखालची अडगळ, बागेतल्या कुंड्यांच्या मागे. जाण्याआधी एका ओळीत अंदाज, आल्यावर एका ओळीत काय झालं. ग्लास आणि कार्ड एका ठरलेल्या जागी ठेवा. प्रत्येक खोलीत एकेक संच मांडायला लागलात तर ती बचावाचीच नवी सवय समजा. एखाद्या रात्री भिंतीवर अचानक कोळी दिसून घाबरगुंडी उडालीच, तर उपचार वाया गेला असं धरू नका. जुनी आठवण आधी धावत आली, एवढंच. खोली न सोडता दोन मिनिटं बघत उभं राहा, तो कुठे जाईल ते मोठ्याने सांगा, मग पकडा. महिन्याभराने फेरचाचणी फीमध्येच धरलेली असावी, आणि ती नव्या कोळ्यावर, वेगळ्या खोलीत घेतात का, हेही पहिल्याच फोनवर विचारून ठेवा.